नावावर ठेवलेला हात

रेमंड गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात लेक विसरून गेलेला डबा. फोनवर त्याची बायको लोरेटा होती. "कॉफी ओतून ठेवली, हाका मारल्या, उठवायला गेले तर..." मग नेहमीच्या ठाम आवाजात म्हणाली, "शनिवारी अंत्यविधीला चर्चमध्ये ये. ऑफिसतर्फे तू बोलायचंस." मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिले. रडू आलंच, पण त्याच्याही आधी भीती वाटली, हे कबूल करायला हवं. ऑफिसातल्या रेमंडबद्दल बोलायचं तर सहा वर्षांपूर्वी मी त्याच्याविषयी लिहिलेल्या एका कागदाबद्दल बोलणं भाग होतं. ती गोष्ट मी नवऱ्यालाही धड सांगितलेली नव्हती.

ब्याण्णव साली आम्ही नागपूरहून टेक्सासमधल्या प्लेनोला आलो. टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मी गुणवत्ता विभागात होते आणि रेमंड चाचणीच्या लॅबमधला सगळ्यांत अनुभवी माणूस. कृष्णवर्णीय, सहा फुटांच्या वर उंची, केस पांढरे व्हायला लागलेले, बोलणं अगदी सावकाश. बोलायचा अर्थात इंग्रजीत, पण मला तो आठवतो मराठीतून, त्याला माझा इलाज नाही. माझी लेक त्याला रेमंड काका म्हणायची. काका म्हणजे बापाचा भाऊ, हे कळल्यावर त्यानं माझ्या नवऱ्याला, अनिलला, गंभीरपणे विचारलं, "मग तू धाकटा की मी?" तेव्हापासून रविवारी त्याच्या घरी जेवण आणि टीव्हीवर फुटबॉल, म्हणजे अमेरिकनांचा, हातानं चेंडू फेकायचा, हे ठरूनच गेलं.

त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. रेमंडनं शिकवलं. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचं डोकं. समोरच्यांची मांडणी वाचायची, खेळी ठरवायची, ती सगळ्यांना सांगायची आणि दोन-तीन सेकंदांत चेंडू नेमक्या माणसाकडे फेकायचा. कॉलेजात चार वर्षं रेमंड हेच करत होता. सत्तरच्या दशकात एका व्यावसायिक संघानं त्याला शिबिराला बोलावलं. तिथल्या प्रशिक्षकानं चेंडू हातात दिलाच नाही. घड्याळ लावून पळवलं आणि म्हणाला, "काय पाय आहेत पोरा तुझे! तू चेंडू झेलायला उभा राहा." रेमंड म्हणाला, "सर, मी फेकणारा आहे. तुमची खेळ्यांची अख्खी वही मला पाठ आहे, कुठलंही पान विचारा." त्यानं एकही पान विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी रेमंडला घरी पाठवलं. त्याच्यापेक्षा वाईट फेकणारा एक गोरा मुलगा मात्र राखीव म्हणून बाकावर बसून पुढची कित्येक वर्षं शिकत राहिला. "मलाही बाक चालला असता गं," रेमंड म्हणायचा. "पण आमच्यातल्यानं पहिल्याच दिवशी जिंकून दाखवायचं. शिकायला वेळ द्यायचा तो त्यांच्यातल्याला." मग तो दोन वर्षं कॅनडात खेळला, गुडघा गेला, आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकून आमच्या कंपनीत आला.

मी एकदा भाबडेपणानं म्हटलं, "पण आता बदललं ना सगळं? आता टीव्हीवर कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक दिसतात की." रेमंड उठला. ओट्यावरचा टॉवेल आणला आणि टीव्हीच्या पडद्यावर टाकला. "फक्त ऐक. आणि सांग, गोरा कोण, काळा कोण." दोन्ही संघांच्या क्वार्टरबॅकबद्दल समालोचक बोलत होते. एक मैदान वाचत होता, संयमानं थांबत होता, विचार करत होता. दुसऱ्याच्या म्हणे खेळ अंगातच होता, जन्मजात होता. एकाचा नेम चुकला तर वारा होता. दुसऱ्याचा चुकला तर त्याला समोरची मांडणी कळली नव्हती. एक जागा सोडून पळाला तर धाडसी, दुसरा पळाला तर उतावळा... मी अंदाज सांगितला, त्यानं टॉवेल उचलला. पुढच्या सामन्यातही तेच. माझा एकही अंदाज चुकला नाही. लेक ओरडली, "काका, दॅट्स नॉट फेअर!" आणि रेमंड म्हणाला, "नो मॅडम, इट इज नॉट."

मला हे इतक्या पटकन जमलं त्याला कारण होतं. आम्ही नागपूरचे बौद्ध. इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकानं यादीतलं माझं आडनाव वाचलं, एक सोपा प्रश्न विचारला आणि म्हणाला, "पुरे. तुमचं एवढ्यात भागतं." अवघड प्रश्नांची सगळी उत्तरं पोटात घेऊन मी बाहेर आले. पुढे वर्गात पहिली आले तेव्हा सर आणि शेजारी एका सुरात म्हणाले, "मुलगी मेहनती आहे हो!" दुसरा आलेला मुलगा मात्र हुशार होता. हे मी रेमंडला सांगितलं तेव्हा त्याला तो शब्द फार आवडला. मेह-न-ती, मेह-न-ती असं घोकून त्यानं तो पाठ केला.

त्र्याण्णवच्या अखेरीस लॅबचा प्रमुख नेमायचा होता. नावं दोन, रेमंड आणि त्याच्या हाताखाली काम शिकलेला ग्रेग. दोघांचे अहवाल माझ्याकडे येत असल्यानं मॅनेजरनं माझं लेखी मत मागवलं. मी मनापासून लिहिलं. रेमंडबद्दल: अत्यंत मेहनती, यंत्रांची उपजत जाण, सगळ्यांचा लाडका. ग्रेगबद्दल: विश्लेषक बुद्धी, नियोजन उत्तम. आता खरी गोष्ट अशी की बिघाड शोधायच्या चाचण्यांचा जो क्रम होता, ज्यावर अख्खी लॅब चालायची, तो रेमंडनं आठ महिने डोकं लावून कागदावर आखला होता. ग्रेग तो नुसता वापरत होता. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी माझ्या हातून तेच लिहिलं गेलं.

नियमाप्रमाणे तो कागद ज्याचा त्याला वाचून सही करायला दिला जाई. रेमंड माझ्या टेबलाशी आला. कागद समोर ठेवला आणि वरच्या ओळीतल्या नावावर पंजा ठेवला. "वाच," म्हणाला. मी वाचलं. "आता सांग, गोरा की काळा?" माझे कान गरम झाले. मग तो अगदी स्वच्छ मराठीत म्हणाला, "मेहनती." आणि कागद उचलून सही करायला निघून गेला.

त्याच दुपारी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मत बदलायचंय म्हटलं. "का? तू तर त्याची स्तुतीच केली आहेस," तो म्हणाला. मी कारण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो टेबलावरचे कागद चाळत म्हणाला, "बाय द वे, तुमच्या ग्रीन कार्डचे पेपर्स माझ्याकडे सहीला आलेत." ती धमकी होती की सहज बोलणं, मला आजही कळलेलं नाही. मी थँक यू म्हणून बाहेर आले. सरळ सांगायचं तर मी शेपूट घातलं. त्या क्षणी मला माझी लेक दिसत होती, आमचं घर दिसत होतं, आणि रेमंड दिसत नव्हता.

जागा ग्रेगला मिळाली. मी रेमंडला म्हटलं, "मी बोलले होते त्यांच्याशी." तो म्हणाला, "बरं." काय बोललीस, हे त्यानं कधी विचारलं नाही. पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं, माझ्यासाठी वेगळी तिखट भाजीही केली. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच्या त्या चांगुलपणाचा मला राग यायचा... आणि रागाची लाज वाटायची.

चर्चमध्ये माझ्या आधी तोच मॅनेजर बोलला. आता निवृत्त झालाय. रेमंड किती हसतमुख, किती कष्टाळू, हात लावताच त्याला यंत्राचं दुखणं कसं कळायचं, असं सगळं. मी लिहून नेलेला कागद पर्समध्येच ठेवला आणि उठले. म्हटलं, "हात लावून नाही, रेमंडला विचार करून कळायचं. चाचण्यांचा तो क्रम त्यानं रचला. हे तेव्हा लिहिण्याचं काम माझं होतं. मी लिहिलं नाही, आणि चूक दाखवून दिल्यावरही घाबरून गप्प बसले." मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईंनी, त्यांच्या चर्चमध्ये बोलणाऱ्याला धीर देतात तशी, साद दिली, "टेल इट, बेबी." पण माझ्याकडे सांगायला आणखी काही उरलं नव्हतं.

बाहेर लोरेटानं माझा दंड धरला. मी सॉरी म्हणायला लागले तर तिनं मान हलवली. "त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "तू कधीतरी स्वतःहून सांगशील म्हणून तो दर रविवारी वाट बघायचा."

सोमवारी मी लॅबमध्ये गेले. नुकतीच रुजू झालेली एक मुलगी चाचण्यांची जाडजूड फाइल उघडून रेमंडच्या क्रमानं एक्स्चेंज तपासत होती, चौथ्या पायरीवर तिला बिघाड सापडलाही. फाइलच्या कव्हरवर 'तयार करणार' यापुढे ग्रेगचं नाव होतं. आता गुणवत्ता विभाग माझ्याकडे आहे. कव्हर बदलायलाही फॉर्म लागतो, तो मी मागवून घेतला. नवीन नाव: रेमंडचं, पूर्ण. बदलाचं कारण या रकान्यात आधी 'टंकलेखनातील चूक' असं लिहिलं. मग ते खोडलं आणि लिहिलं, 'माझी चूक.' खाली पूर्ण सही केली, आडनावासकट.