अण्णांच्या चित्रातलं नाक

सासऱ्यांचं नाक मी ओल्या फडक्याने पुसून टाकलं. पूर्ण.

म्हणजे चित्रातलं. (खऱ्या नाकाला हात लावायची माझी हिंमत नाही.)

आमचे अण्णा रत्नागिरीतले निवृत्त शिक्षक आणि खरे विद्वान. माशांच्या नावांचा कोश करण्यात त्यांनी वीस वर्षं घातली. बुरोंडी काय, नाटे काय, एसटीने हिंडायचे, मासळीच्या लिलावात वही घेऊन बसायचे. एका वेलांटीची शंका आली, की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली गाडी! बाजारात कोळणीसुद्धा मासा द्यायच्या आधी मला विचारतात, "गुरुजी बरे आहेत ना?"

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांचं जलरंगात चित्र काढलं. अण्णा अभ्यासाच्या खोलीत बसलेत, मागे पुस्तकं, पुढे उघडी वही. रविवारी पालीच्या वाचनालयात ते समारंभाने लावायचं होतं. शनिवारी दुपारी मला काचेच्या आत, नेमका नाकावर, बुरशीचा ठिपका दिसला. (आमच्या हवेत चपलांनाही बुरशी येते!) मी चित्र फ्रेमबाहेर काढलं आणि हलकेच पुसलं. ठिपका गेला. सोबत नाकही गेलं!

मग लेकीची रंगपेटी काढली. (शाळेत मला चित्रकलेचं बक्षीस होतं. उत्तेजनार्थ.) पहिलं नाक वाकडं आलं. सरळ करायला गेले, तर रुंद झालं. रुंदी लपवायला खाली सावली दिली, तर अण्णांना मिशी फुटली!

तेवढ्यात आमचे हे आले. "अगं, अण्णांच्या तोंडावर बांगडा कुणी ठेवला?"

"नाक आहे ते!"

"कुणाचं?"

आवाज ऐकून अण्णाच आत आले. मला रडू फुटलं. "अण्णा, चुकलं हो माझं. उद्या लोकांना काय तोंड दाखवू?"

अण्णांनी चष्मा लावला, चित्रावर वाकले. मग त्यांनी बोट ठेवलं, ते नाकावर नाही, वहीतल्या एका माशाच्या नावावर!

"शुभा, इथे 'मुडदुशी' लिहिलंय बघ. 'दु' ऱ्हस्व हवा, त्याने दीर्घ काढलाय. पोराने इतक्या प्रेमाने केलंय, सांगवेना. महिनाभर झोप नाही मला!"

"पण अण्णा, नाक..."

"नाक राहू दे गं. तुझा हात बसलाच आहे, तर तेवढा दीर्घ पुसून टाक!"

श्वास रोखून मी तोही पुसला आणि ऱ्हस्व काढला.

रविवारी पडदा सरला. सभागृहात कुजबुज सुरू झाली. चित्रकार नेमका माझ्या शेजारच्या खुर्चीत! त्याच्याकडे बघायची सोयच नव्हती. अण्णा माइकपाशी गेले.

"चित्र माझ्या गुणी विद्यार्थ्याचं आहे. नाक मात्र माझ्या सुनेचं."

सगळ्या माना माझ्या नाकाकडे वळल्या. पहिला हसला तो चित्रकार! मग अण्णांनी त्याचं नाव घेतलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या त्याच्यासाठी होत्या. हे माझ्या लक्षात आलं, तोवर मी उभी राहून, पदर सावरून, चारी दिशांना नमस्कार केला होता!