सारिकाच्या नोकरीची बोलणी

माझ्या लेकीला मी एका बैठकीत मागितल्यापेक्षा जास्त पगार मिळवून दिला, आणि तेव्हापासून बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

सारिका पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. माझी कारभारीण गेली, तेव्हा ती रजा काढून गावी, अंथुर्ण्याला माझ्याजवळ राहिली. एके दिवशी म्हणाली, "आबा, मी कंपनी बदलतीय. राजीनामा दिला."

"मागंच बदलली हुतीस की! हाकललं का काय?"

"न्हाय ओ! एकाच जागी बसलं की पगार मुंगीच्या पावलानं वाढतो. नवी कंपनी धरली की उडी मारतो."

आमच्याकडं साखर कारखान्यात चिकटलेला माणूस निवृत्तीचा हार गळ्यात पडेपर्यंत हलत नाही. (काहींना तर हारासकट उचलावं लागतं.) आणि ही उड्या मारतीय!

"मग फुडं काय हुनार तू?"

"आधी सिनियर, मग लीड."

"म्हंजी मुकादम?"

"तसंच. पण लीड झालं तरी कोड लिहायचाच."

"मुकादम झाल्यावर बी ऊस तोडायचा? मग बढती कशाची, कपाळाची?"

तिनं डोक्याला हात लावला. मग हळूच म्हणाली, "नव्या कंपनीला एकच अट घालणार हाय. घरून काम. पगार कमी चालंल. तुमाला एकटं टाकून जायचं न्हाय मला."

ऐकून बरं वाटलं. पण डोक्यात भलताच किडा. लेक दिवसभर घरात दिसली की लोक बोलणार! शेजारच्या तात्यांनी विचारलंच होतं, "पोरगी घरी बसली व्हय?"

हे तात्या म्हणजे गावातली निम्मी लग्नं जमवणारा माणूस. त्यांना सांगितलं, उद्या मोबाइलवर शेवटची बोलणी आहेत.

"आन् पोरगी एकटीच बसणार? आबा, ही बोलणी हायत का बाजारातली मेथी? घरचं माणूस नगं?"

पटलं मला! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं धुवट धोतर नेसून, टोपी घालून सारिकाच्या मागं खाटेवर जाऊन बसलो. समोर पडद्यावर कंपनीच्या बाई.

"सारिका, अर्जातला पगाराचा आकडा वाचला. आणखी काय अपेक्षा आहे?"

सारिकानं तोंड उघडलं. पण देण्याघेण्याचं पोरीनं बोलायचं असतं का? मी पुढं घुसलो.

"रामराम बाई! मी पोरीचा बाप. आमची अपेक्षा काय न्हाय. पोरगी तुमच्या पदरात घातली. तुमी द्याल ते गोड!"

"आबा, गप बसा!"

तात्या सरसावले, "पोरगी गुणाची हाय बरं का. आधी दोन ठिकाणी नांदली न्हाय, पर त्यात तिचा दोष न्हवता!"

बाईंनी तोंडावर हात धरला. "बरं बरं. पण त्यांना घरून काम हवंय ना?"

"छ्या!" मी म्हणालो. "दिलेली पोरगी कोण माहेरात ठिवतंय? सोमवारीच न्या!"

कारभारीण असती तर तिनं नुसते डोळे वटारून मला गप्प केलं असतं. आता वटारणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी सुसाट!

बाई खूश. "ऑफिसात येणार असाल तर सिनियरचीच जागा देते. पगारही मागितल्याहून जास्त."

तात्यांनी खिशातली सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली!

सारिकानं लॅपटॉप मिटला. "आबा, मी तुमाला घरात नगं हुते व्हय?"

हवी होतीस, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "डबा बांधू का जाताना?"

ती सोमवारी गेली. अबोला सुटला तो परवा. फोनवर विचारलं, "आबा, काय करताय?"

म्हणालो, "त्या बाईस्नी इचार, घरून काम करणारा माणूस पायजे का. पगार नगं, बढती नगं. मी काय, दिवसभर घरीच असतो!"