चाळिसांतली एक

अपर्णा मुंडले दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी घाबरलेली असते, हे आमच्या शाळेत फक्त मला ठाऊक आहे. बाकीच्यांना ती नुसती कडक वाटते. ती दहावीला गणित शिकवते, मी हिंदी. आणि शहराच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारामागच्या एकाच इमारतीत आम्ही वर-खाली राहतो. गणितातलं मला ओ की ठो कळत नाही, पण अपर्णाचा चेहरा चांगला वाचता येतो.

भीतीचं कारण घरातच आहे. आमच्याकडे लक्ष्मीपूजन झालं की शगुन म्हणून पत्ते खेळतात. जो खेळत नाही तो पुढल्या जन्मी छछुंदर, म्हणजे चिचुंद्री, होतो म्हणे. आम्ही मराठी माणसं कितीतरी पिढ्यांपासून या हिंदी मुलखातली, त्यामुळे लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य आमचा आणि हा जुगारही आमचाच. अपर्णाचा नवरा अभिराम असाच शगुनापुरता बसायचा. पुढे पत्त्यांच्या जागी मोबाइल आला, क्रिकेटवर पैसे लावायचं अ‍ॅप आलं, आणि अपर्णाच्या पाटल्या सराफ्यात गेल्या त्या गेल्याच. माणूस साधा, बोलायला गोड. अलीकडे त्यानं सगळं सोडलंय, बटणांचा जुना फोन वापरतो. तरी दिवाळी जवळ आली की अपर्णा त्याचे खिसे चाचपते, मग स्वतःचीच लाज वाटून माझ्याकडे चहाला येऊन बसते.

तिचं एक मत मात्र ठाम होतं. ह्यांना दहावीत कुणी धड प्रॉबॅबिलिटी शिकवली असती, तर माझं घर वाचलं असतं, असं ती म्हणायची. मी म्हणायचे, बाई गं, तंबाखूच्या पुडीवर रोगाचं चित्र असतंच की, कोण थुंकून टाकतो? तिला ते पटायचं नाही. हिशेब कळला की माणूस शहाणा होतो, यावर तिचा देवावर असावा तसा विश्वास.

म्हणून सुट्टीआधी ती वर्गात जुगार मांडायची. प्रत्येकाला मूठभर चिंचोके, हातात लुडोचा फासा आणि स्वतः बाई बँक. आकडा बरोबर सांगितला तर एकाचे चार, चुकला तर चिंचोका बाईंच्या डब्यात. फाशाला बाजू सहा आणि देणं चारच, यातच सगळी गोम. तास संपेपर्यंत वर्ग कंगाल आणि डबा भरलेला. मग ती फळ्यावर सगळं उलगडून दाखवायची, पोरं हसायची, आणि तिला वाटायचं, चला, इतकी घरं वाचली.

या वर्षी वर्गात तिची स्वतःची मुलगी होती, निवेदिता. हा तास खरं तर तिच्यासाठीच होता. मी तेव्हा शेजारच्या वर्गात होते, गलका ऐकून दारात जाऊन उभी राहिले. वर्ग कंगाल झाला होता आणि निवेदितापुढे चिंचोक्यांचा ढीग होता. पोरं टाळ्या पिटत होती. अपर्णा खडू हातात धरून समजावत होती की चाळीस जणांत एखाद-दुसरा जिंकतोच, त्यात हुशारी काही नाही, नशीबही नाही. आवाज नेहमीचाच, पण रंग उडालेला. निवेदिता हसत नव्हती. ओठ घट्ट मिटून, अगदी शांतपणे ती ढिगाकडे बघत होती. सामना रंगात आला की अभिराम असाच शांत व्हायचा. मी पाहिलंय. मला ते ओळखू आलं, तर तिच्या आईला आलं नसेल?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी फराळाचं ताट घेऊन खाली गेले. पूजा आटोपली होती. पाटाशेजारी निवेदिता चिंचोके मांडून बसली होती, समोर तोच फासा.

"आई, एकच डाव. शगुन तो करना पडता है ना."

अपर्णानं तिला वर्गातलं सगळं पुन्हा सांगितलं. खेळत राहिलीस तर हरशीलच, हा सरळ हिशेब आहे, म्हणाली. पोरीनं तो पूर्ण ऐकून घेतला.

"मला येतं ते, आई. चाळिसांत एखादा जिंकतोच, तूच शिकवलंस. तो एखादा मी आहे."

अपर्णा फाशाकडे बघत राहिली. खेळून तिला हरवावं, असं तिच्या मनात आलं असणार. पण पोरगी पुन्हा जिंकलीच तर? तेवढी शक्यता असते, आणि ती किती असते हे त्या घरात एकट्या अपर्णालाच नेमकं ठाऊक होतं. तिचा हात पुढे होईना.

इतका वेळ दारापाशी उभा असलेला अभिराम जवळ आला.

"खेळू नकोस, अपर्णा. ती हरली तरी उठणार नाही. मी जिंकत होतो तोवर उठू शकत होतो. हरायला लागल्यावर नाही उठता आलं."

त्यानं वाकून फासा उचलला. मला हायसं वाटलं. वाटलं, आता खिडकीतून भिरकावणार. पण त्यानं मूठ मिटली. मुठीत फासा हळूहळू फिरत होता, आणि त्याला ते कळतही नव्हतं.

निवेदितानं चिंचोका पुढे सरकवला. "बाबा, आप फेंको," ती म्हणाली.

अपर्णा दोघांच्या मध्ये उभी होती. आधी कुणाचा हात धरावा, हे तिला कळेना.