कोणता राजीनामा?

आमचे बाबा हट्टी आहेत हे उज्जैनात कोणाला सांगावं लागत नाही. टावर चौकातले घड्याळवाले भय्यासाहेब म्हटलं की लोक आधी हसतात, मग दुकानाचा रस्ता दाखवतात. गिऱ्हाईक नुसतं "ज़रा ठीक से देखना" म्हणालं, तरी बाबा त्याचं घड्याळ न उघडताच परत करतात. एकदा जावयाचंही केलं. तो जावई म्हणजे माझाच नवरा, त्यामुळे मला चांगलं आठवतं.

मला या हट्टाचं कौतुक नाही. त्यापायी त्यांनी सख्ख्या बहिणीशी कोर्टात भांडण मांडलं. दुकान आजोबांचं. ते गेले तेव्हा दिवसकार्याच्या धांदलीत जयूआत्यानं हक्क सोडल्याची सही करून दिली, बहिणी देतात तशी. पुढे तिचे यजमान गेले, सासरी कोणी विचारेना, तेव्हा तिनं अर्धा वाटा मागितला. बाबांनी दिलाही असता. पण मागणं वकिलाच्या नोटिशीतून आलं आणि त्यांचं डोकं फिरलं. "घरी येऊन बोलली असती तर सगळं दुकान दिलं असतं, आता दमडी नाही!" ही टकळी वर्षानुवर्षं चालली. तेवढ्यात महाकालाची गर्दी वाढली, दुकान ज्या भागात आहे त्या फ्रीगंजातल्या जागांना सोन्याचा भाव आला आणि एका हॉटेलवाल्यानं माझ्या भावाला, विक्रांतला, डोळे फिरतील अशी रक्कम सांगितली. मग बाबांच्या हट्टाला लोभ येऊन मिळाला. लोभच म्हणते मी. त्यांच्या तोंडावरही म्हटलं होतं, तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

बाबा आमच्या गणपतीच्या देवळाचे अध्यक्षही होते. ट्रस्टच्या एका बैठकीत एक म्हातारे विश्वस्त सगळ्यांदेखत म्हणाले, "बहिणीला कोर्टात खेचणाऱ्याच्या हातात देवळाच्या किल्ल्या शोभत नाहीत." बाबा लालबुंद होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून सोवळ्यानंच देवापुढे बसले आणि म्हणाले, "कौल लावतो."

आमच्याकडे मोठी गोष्ट खंडोबाला विचारून करतात. देवाच्या टाकाला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. कौल एकदाच लावायचा आणि जो मिळेल तो पाळायचा. त्यात पळवाट नाही. माझ्या लग्नाच्या वेळी तो डावा पडला असता तर मी आज कुठे असते कोण जाणे.

बाबांनी मोठ्यानं विचारलं, "देवा, राजीनामा देऊ का?"

उजवं फूल टपकन पडलं. बाबा खूश. तिथेच कागद घेऊन त्यांनी देवळाच्या ट्रस्टला चार ओळी खरडल्या. "बसा म्हणावं आता किल्ल्या धरून!" असं म्हणत कागद खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात घातला. तेवढ्यात वकिलांचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा स्पीकर नेहमी चालूच असतो.

"भय्यासाहेब, बहनजी राजीनामा चाहती हैं. आधा-आधा. मना कर दूँ न?"

इथल्या कोर्टात राजीनामा म्हणजे समेट. पद सोडलं तर त्याला इस्तीफा म्हणतात. आम्ही उज्जैनचे मराठी लोक हा शब्द घरात एका अर्थानं वापरतो आणि कचेरीत दुसऱ्या. एरवी त्यानं काही बिघडत नाही.

आई नैवेद्याची वाटी घेऊन दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, देवानं कोणता सांगितला?"

"तुम्ही ट्रस्टचं विचारून राहिले होते न, बाबा!" विक्रांत घाईघाईनं म्हणाला. "साफ बात आहे."

"कशाचा ते मी बोललोच नाही," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मग परत लावा," विक्रांत म्हणाला. "नीट नाव घेऊन विचारा."

बाबांनी मान वर केली. "देव काय भाजीवाला आहे, भाव पटेपर्यंत विचारायला? ट्रस्ट सोडायचं तर मी रात्रीच ठरवलं होतं. त्याला कशाला विचारायला पाहिजे होतं? जे माझ्यानं होत नव्हतं, तेच त्यानं सांगितलं." मग ते फोनवर ओरडले, "वकीलसाहब, मना मत करना!"

"अरे, केस तो जीता हुआ है!"

"इसीलिए तो कह रहा हूँ. हारा हुआ कौन नहीं छोड़ता?"

घरात रणकंदन झालं. हॉटेलवाला मिठाईचा डबा घेऊन आला, बाबांनी डब्यासकट त्याला दाराबाहेर काढलं. विक्रांत म्हणाला, "लोक हसतील." बाबा म्हणाले, "हसू देत, मला त्यांना उत्तर द्यायचं नाही." ट्रस्टचा कागद खिशातच राहिला आणि धोब्याकडे धुऊन निघाला. मी जन्मात पहिल्यांदा बाबांच्या बाजूनं भांडले, आणि भांडताना माझे डोळे भरून आले होते.

लोक अदालतीत आत्या समोरच्या बाकावर बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. ती बाबांचीच बहीण. बाबांचं नाव पुकारलं. न्यायाधीशांनी सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "राजीनामा अपनी इच्छा से कर रहे हैं? कोई दबाव तो नहीं?"

"दबाव है, साहब," बाबा म्हणाले.

न्यायाधीशांचं पेन थांबलं. वकिलांनी बाबांची बाही ओढली. "किसका दबाव?"

"हमारे खंडोबा का. मेरी तो बिल्कुल इच्छा नहीं थी."

मागे कोणी तरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "इच्छा नहीं है तो मैं दर्ज नहीं कर सकता."

मला वाटलं, झालं, आयतीच सुटका मिळाली यांना. "नहीं है" एवढं म्हटलं असतं तरी दुकान त्यांचंच होतं, आणि देवालाही सांगता आलं असतं की मी तर गेलो होतो. एवढ्यात आत्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वळवली.

"भय्या," ती म्हणाली, "किती बारीक झालास रे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "लिखिए साहब. मैंने 'नहीं थी' कहा था. अब है."