मॅडमले चहा देऊ नका

रिसोडपासून मालेगावपर्यंत एक गोष्ट बाया पदराआड आणि माणसं पानटपरीवर सांगायची. मुलींच्या सरकारी निवासी शाळेतल्या सुकेशनी मॅडम ज्या घरी चहा पितात, त्या घरच्या पोरीची सोयरीक मोडते. पुरावा? हवा तेवढा. रिठदकडच्या एका घरी बाईनं बशीत ओतून चहा घेतला आणि आठवडाभरात मुलाकडचा निरोप आला, आमचं जमत नाही. अनसिंगकडं तेच. तिसऱ्या घरी म्हणे आल्याचा चहा होता, म्हणून सोयरीक दुसऱ्याच दिवशी मोडली. आल्याचा आणि सोयरिकीचा काय संबंध, हे विचारत बसलं तर गप्पा कधी मारायच्या?

या अफवेत खरी कुचंबणा झाली ती मॅडमची. बाई चहाबाज. सकाळचा चहा चुकला तर दुपारपर्यंत कपाळावर पट्टी. पोरी शाळेत टिकाव्यात म्हणून ती सुटीच्या दिवशी स्कूटीवर गावोगाव हिंडायची, आणि लोक तिला पाणी द्यायचे, लिंबाचं सरबत द्यायचे, गूळ-शेंगदाणे द्यायचे, जेवूनच जा म्हणायचे; पण चहाचं नाव नाही. बरेच दिवस तिला वाटलं, जिल्ह्यात साखरेचा आजार वाढला असावा. शेवटी शाळेच्या स्वयंपाकघरातल्या भागिरथाबाईनं तोंड उघडलं.

"मॅडम, रागावसान नाही तर सांगतो. तुमच्या चहाची लय बदनामी होऊन राह्यली."

मॅडम आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "थांब, आधी मले एक कप कर. तुले तर पोरगी नाही न?"

शाळा सहावी ते बारावी. वरच्या दोन वर्गांना विज्ञान. पोरी तांड्यांवरच्या, वस्त्यांवरच्या, कोणाचे आईबाप कारखान्याच्या ऊसतोडीला गेलेले, कोणाचे पुण्याकडं बांधकामावर. सुकेशनी भौतिकशास्त्र शिकवायची आणि वसतिगृहही तिच्याच गळ्यात. रिठदच्या माणिकरावांची ही लेक. नवरा प्रसेनजित अकोल्याला नोकरीला. शनिवारी यायचा, रविवारी पोरींच्या कल्ल्यानं डोकं धरून परत जायचा. तिची शिकवायची तऱ्हा न्यारी होती. संध्याकाळी पोरी तुरीची डाळ निवडायला गोल करून बसायच्या. एकीनं दुसरीला गणित घालायचं, उत्तर चुकलं की त्या पोरीच्या सुपात आणखी दोन ओंजळी डाळ. भागिरथाबाई म्हणायची, ज्या वर्षी पोरी भौतिकशास्त्रात कच्च्या, त्या वर्षी वरणात खडा सापडत नाही.

स्नेहाच्या सुपात डाळ कधी साचलीच नाही. किन्हीराजाच्या पुढच्या तांड्यावरची ही पोरगी, बारावीला होती. दुसरीला घातलेल्या गणिताचं उत्तरही हीच ओठातल्या ओठात पुटपुटायची आणि मॅडमची टपली खायची. बारावी झाली की नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायची, हे तिनं आणि मॅडमनं मिळून ठरवलं होतं. संक्रांतीला घरी गेली. बाकीच्या पोरी तिळगुळाचे डबे घेऊन परत आल्या, स्नेहा काही आली नाही. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं डोक्यावर आलेली. मॅडमनं फोन लावला तर तो बंद. तिनं स्कूटी काढली.

तांड्यावर पोचली तेव्हा दारासमोर सडा घातलेला, ओसरीवर नवी सतरंजी, आणि स्नेहाचा बाप लखीराम इस्त्रीच्या सदऱ्यात. मॅडमला बघून त्याचा चेहरा सदऱ्यापेक्षा पांढरा झाला. त्यानं आत डोळ्यानं खूण केली. आत स्नेहाच्या आईनं, गोमतीबाईनं, चुलीवरचा चहाचा गंज खाली उतरवला.

"या मॅडम, बसा. पाणी घ्या. बोरं घ्या, आमच्या वावराच्या धुऱ्यावरची हायेत."

"बोरं घेतो न. पोट्टी कुठी हाय?"

"घरीच हाय. आता कायले पाठवू तिले? अठरा भरले. कायद्यानं आता तुमी बी काही म्हणू शकत नाही. आज पाहुणे येऊन राह्यले. गूळ वाटला का पक्कं."

मॅडमनं एक बोर तोंडात टाकलं आणि बी चघळत राहिली. लखीराम खोटं बोलत नव्हता. एरवी तिच्याजवळ एक उपाय असायचा. आज तो नव्हता. आज गूळ वाटला गेला की पोरीचा पेपर गेला, आणि पेपर गेला की पोरगी गेली, हे तिला बोराच्या बीइतकं कडक कळत होतं.

तेवढ्यात पाहुणे आले. मुलाचा बाप उदयसिंग आणि त्याची मोठी बहीण ललिताबाई. ही बाई घरात शिरता शिरता छपराची कवेलू मोजणारी. लखीरामनं त्यांना सतरंजीवर बसवलं आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण पुरते अडकलो.

वऱ्हाडात पाहुण्याला जेवण नाही दिलं तर लोक समजून घेतात, गडबड असेल म्हणतात. चहा नाही दिला तर वैर धरतात. आणि तिघं बसलेले असताना दोघांनाच चहा देणं म्हणजे तिसऱ्याला ऊठ म्हणणं. ते तर पोरीच्या गुरूला म्हणता येत नाही. तेव्हा चहा द्यायचा तर मॅडमलाही द्यावा लागणार. नाही तर कोणालाच नाही. लखीरामनं कोणालाच न द्यायचं ठरवलं. पावसाच्या गोष्टी झाल्या, तुरीच्या झाल्या, सोयाबीनच्या भावाच्या झाल्या. चहा येईना.

"इवाई," ललिताबाईनं शेवटी बाण सोडला, "तुमच्या इकडं पत्ती भेटत नाही काय?"

"दूध फाटलं जी."

दारातली शेळी नेमकी तेव्हाच ओरडली.

"मले कोरा बी चालते," मॅडम निरागसपणे म्हणाली.

आणि चहा आला. लखीरामनं बोलावलं नव्हतं, गोमतीबाईनंही आणला नव्हता. डोक्यावरून ओढणी घेतलेली स्नेहा तबक घेऊन बाहेर आली, पाहुण्यांना ओलांडून सरळ मॅडमपुढं वाकली आणि पहिली कपबशी तिच्या हातात दिली. मान खाली, पण ओठाचा एक कोपरा वर.

मॅडमनं सावकाश बशीत चहा ओतला. वास घेतला. आल्याचा होता.

"तुमी त्या पोरींच्या शाळेच्या मॅडम काय ओ?" ललिताबाईचा हात कपाकडं जाता जाता थांबला.

"हो, तेच."

ललिताबाईनं भावाला कोपर मारलं. लखीराम ताडकन उठला. "मॅडम, जरा मांगं येता काय?"

मॅडम बशी घेऊनच मागं गेली, एक थेंब न सांडता.

"हात जोडतो मॅडम, तेवढा चहा पिऊ नका."

"काहून? साखर कमी हाय?"

"तुमाले सारं मालूम हाय!"

"मले इतकंच मालूम हाय का फेब्रुवारीत तिचा पेपर हाय, अन् मंग नर्सिंगची परीक्षा. दोन्हीचा निकाल लागेपर्यंत या घरात गूळ फुटला नाही पाह्यजे. बोला भाऊ, चहा थंडा होऊन राह्यला." आणि तिनं बशीवर हळूच फुंकर घातली.

लखीराम बशीकडं असा बघत होता की जणू तिच्यात विंचू आहे. "अन् निकाल लागल्यावर?"

"तवा तिले विचारजा. मले नाही, तिले."

लखीरामनं होकाराची मान हलवली. मॅडमनं परसातल्या बोरीच्या बुडाशी चहा ओतला. पाहुण्यांना लखीरामनं सांगितलं, निकालानंतर पाहू. ललिताबाईच आधी म्हणाली, "घाई कोणाले हाय जी!" आणि कपाला हात न लावता उठली.

स्नेहाची पिशवी भरूनच ठेवलेली होती. ती कोणी भरली हे विचारलं तेव्हा गोमतीबाई चुलीत फुंकत राहिली. स्कूटी मालेगावच्या टपरीवर थांबली. मॅडमनं लागोपाठ दोन कप घेतले. टपरीवाल्याला तिची कीर्ती ठाऊक नव्हती, आणि त्याला पोरगीही नव्हती.

स्नेहा आता अमरावतीला बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बापानं तिला विचारलं होतं. ती शिकतो म्हणाली. लखीराम बाजारात सांगतो, मीच पाठवली, मॅडम तर नुसत्या बोरं खायला आल्या होत्या. उदयसिंगचा मुलगा दुसरीकडं सुखात नांदतो आहे. आणि अलीकडं एक नवीनच झालं आहे. तांड्यावरच्या, वस्त्यांवरच्या आया घरधनी शेतात गेला की मॅडमला गुपचूप फोन लावतात, "मॅडम, आमच्या घरी चहाले कवा येता?" बाईच्या डोकेदुखीला आता उतार आहे.

खरी गोष्ट एवढीच. त्या पहिल्या तिन्ही मुली अठरा वर्षांच्या आतल्या होत्या. मुलीच्या घरून निघाल्यावर सुकेशनी दर वेळी मुलाच्या घरी गेली आणि तिनं मुलीचं वय आणि कायदा सांगितला. ते लोक घाबरले, त्यांनी स्वतःच नकार कळवला आणि कारण सांगितलं नाही. स्नेहाला अठरा पूर्ण झाले होते. तिच्या वेळी मॅडमकडं सांगण्यासारखं काहीही नव्हतं.