पंधरा दिवसांची पोच

बायडाबाई कुठल्याच कागदावर अंगठा द्यायची नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा नवऱ्याला, भिमाजीला, पुढं करायची. वाडीत तिला यावरून कुणी डिवचत नसे. शहात्तर साली, पहिल्या बाळंतपणानंतर, एका सरकारी शिबिरात एका बाईनं तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला होता. बाळंतिणीला गूळ-तूप मिळायचंय, म्हणाली. ताप उतरवायचं इंजेक्शन देतो म्हणून आत नेलं, आणि शुद्धीवर आली तेव्हा पोटाला टाके होते. ते टाके नसबंदीचे, हे वर्षभरानं दुसऱ्याच डॉक्टरनं सांगितलं. एक मुलगी झाली ती झाली. तेव्हापासून कुणी गोड बोलत कागद काढला, की बायडाबाईची नजर बारीक व्हायची.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या त्या कोरड्या वाडीत माधुरी नावाची तरुण वकील नगरहून आली. बाजरी करपली होती, ऊसतोडीला गेलेले परतले होते, हाताला काम नव्हतं. विहारापुढं बायका-माणसं जमली.

"जगातल्या देशांनी मिळून करार केलाय," माधुरी म्हणाली. "काम, अन्न, दवाखाना, शाळा हा माणसाचा हक्क आहे. आपलं सरकारही त्यात सामील झालंय, एकोणऐंशी साली. जिनिव्हाला समिती बसते, तिला सरकारनं हिशेब द्यायचा असतो. आपण आपली बाजू कळवायची. आणि इथं कचेरीत काम मागायचा अर्ज द्यायचा."

"तुमाला यातून काय मिळतं?" बायडाबाईनं मागून विचारलं.

"संस्था पगार देते, आक्का."

"संस्थेला कोन देतं?"

"बाहेरच्या देशातले लोक."

"त्यांना आमचा एवढा कळवळा कशापायी?"

बायडाबाईनं कराराचा आणि अर्जाचा असे दोन्ही कागद माधुरीकडून मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी कोसभर चालत जॉर्ज मास्तरांकडं गेली. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर माधुरीला ओळखत नव्हते, म्हणूनच ती त्यांच्याकडं गेली. माधुरीनं काय सांगितलं हे तिनं त्यांना सांगितलं नाही. "जे लिव्हलंय तेवढंच वाचा," म्हणाली.

मास्तरांनी आधी करार वाचला. हक्क होते, पण ते मिळायचे 'उपलब्ध साधनांनुसार, टप्प्याटप्प्यानं'.

"टप्प्याटप्प्यानं म्हंजे किती वर्सं?"

"ते लिहिलेलं नाही. गरीब देशांकडं पैसा नसतो, म्हणून अशी सवलत दिलीय."

"मंग हा कागद सरकारच्या सोयीचा हाय, मास्तर. दुसरा वाचा."

दुसरा रोजगार हमीचा अर्ज होता. मास्तर म्हणाले, "यामागं आपल्या राज्याचाच कायदा आहे. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं."

बायडाबाईनं ते तीनदा वाचून घेतलं. मग मास्तरांच्याच शाईच्या डबीत अंगठा बुडवून तिनं तो एकोणीस वर्षांनी कागदावर उठवला. तिचा उठला म्हटल्यावर वाडीतल्या एकेचाळीस जणांचे उठले.

माधुरीला घेऊन सगळे तालुक्याच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "ठेवा तिथं. साहेब बघतील."

"पोच द्या," बायडाबाई म्हणाली.

"पोच द्यायची पद्धत नाही."

"मंग आमचे पंधरा दिस कुठून मोजायचे?" असं म्हणून ती टेबलापुढं खालीच बसली. तिच्यामागं एकेचाळीस जण बसले. कारकुनाला उठून बाहेर जायला वाट उरली नाही. जेवायची वेळ टळली तेव्हा त्यानं शिक्का मारला, तारीख घातली आणि कागद पुढं केला.

माधुरी तो पिशवीत टाकणार, तोच बायडाबाईनं तिचा हात धरला. तिला अक्षरं येत नव्हती, पण भिंतीवरच्या कालनिर्णयातले आकडे कळत होते. "आज बारा तारीख हाय. ह्यांनी सतरा घातलीय."

माधुरीचा चेहरा उतरला. तिनं बघितलंच नव्हतं. कारकुनानं मान वर न करता सतराची बारा केली.

काम निघालं ते अठराव्या दिवशी, वाडीपासून दीड कोसावर, पाझर तलावाच्या मातीकामावर. हजेरीपत्रक भरताना बायडाबाई रोज मुकादमाच्या खांद्यामागं उभी राहायची. तो वैतागायचा, ती हलायची नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर माधुरी जिनिव्हाला पाठवायचा अहवाल घेऊन आली. बायडाबाईनं तोही मास्तरांकडून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं, मागणीनंतर पंधरा दिवसांत काम मिळालं.

"बाई, तुमीपन?"

"तीन दिवसांनी काय बिघडतंय, आक्का? लोकांनी मागितलं आणि मिळालं, हे ठळक दिसावं म्हणून—"

"तीन दिस चूल बंद हुती. खोटं सरकार लिव्हतंच की. तुमी कशाला लिव्हता?"

माधुरीनं तिच्यासमोरच पंधरा खोडून अठरा केले.

जिनिव्हाहून काय उत्तर आलं, आलं की नाही, हे वाडीला कधीच कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात माधुरीची बदली झाली आणि शेजारच्या वस्तीवरच्या बायका अर्ज घेऊन बायडाबाईकडं आल्या. तिनं त्यांना कचेरीत घेऊन जायचं कबूल केलं. पण कुणी कुणाच्या सांगण्यावरून अर्ज केलाय, हे आधी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं.