आधी ब्रेक

जावयाने एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार दारात आणून लावली, तेव्हा ती किती पळते हे सासरेबुवांनी विचारलंच नाही. ते खाली वाकले आणि चाकाच्या फटीतून आतली ब्रेकची डिस्क बघत बसले. बसडेपोत ब्रेकच्या कामात त्यांचे केस पिकले होते. तिथे त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणायचे. घरातही तेच नाव चिकटलं.

जावयाच्या डोक्यात भलतंच होतं. आधी मोकळा सायलेन्सर, मग इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवायची. मास्तरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"जावईबापू, आधी थांबायचं बघू. नवे पॅड, नव्या डिस्क, चांगले टायर. मग काय तो आवाज काढा."

जावई हिरमुसला. बाबांचं सगळं ऐकलंस तर ते मागच्या सीटवर कंडक्टरही बसवतील, असं मुलीने नवऱ्याला चिडवलं. पण शेवटी मास्तरांचंच चाललं.

काम मास्तरांनी स्वतः केलं, घरामागच्या शेडमध्ये. डिस्क जिथे बसते ती जागा तारेच्या ब्रशने पांढरी होईस्तोवर घासली. गंजाची खपली आत राहिली तर डिस्क वाकडी फिरते. जावयाने चाकाचे नट ओळीने आवळले, तर सगळे सोडायला लावून समोरासमोरचे आवळायला लावले. ब्रेकच्या तेलाची टाकी भरलेली होती. मास्तरांनी पातळी पाहिली आणि झाकण लावलं.

ज्याने ब्रेकला हात लावला, त्याने पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचं, असा डेपोचा शिरस्ता होता. म्हणून डोंगरातल्या रस्त्याला निघताना मास्तर पुढे बसले.

चढ मजेत गेला. उतरताना जावयाला जोर चढला. वळण अगदी तोंडावर आलं की तो ब्रेक दाबायचा आणि गाडी जागच्या जागी थबकायची. मास्तरांनी त्याला आवरायला हवं होतं. पण आपल्या हातचं काम असं चोख लागलेलं बघून त्यांनाही बरं वाटत होतं.

मग करपल्याचा वास आला.

"बाबा, पेडल खाली गेलं."

तो ओरडला नाही, हळू बोलला. समोर वळण होतं, कडेला बुटका कठडा, आणि कठड्यापलीकडे नुसते झाडांचे शेंडे.

"दाबत राहा. सोडा, पुन्हा दाबा. गिअर खाली घ्या, एकेक."

इंजिन किंचाळलं. मास्तरांनी हँडब्रेक मुठीत धरला आणि एकदम न ओढता थोडा थोडा वर घेतला. मागची चाकं सरकली, सावरली. जावयाने गाडी डोंगराच्या बाजूच्या खडकाकडे घातली. आरसा खळकन फुटला, दार खरवडत गेलं आणि वळणाच्या अलीकडे गाडी थांबली.

मग मास्तर उतरले आणि बॉनेट उघडून बघत राहिले. टाकीतलं तेल उकळून ठेवलेल्या चहासारखं काळपट होतं. ते आधीही तसंच असणार. त्यांनी फक्त पातळी पाहिली होती. बसचे ब्रेक हवेवर चालतात. हवेच्या टाकीत साचलेलं पाणी रोज सकाळी सोडण्यात त्यांचा जन्म गेला. तेलाचे ब्रेक असलेल्या लहान गाड्या दुसऱ्या विभागाकडे जायच्या. जुनं तेलही पाणी धरतं, तापलं की उकळतं आणि पेडलखाली नुसती वाफ उरते, हे तिथल्यांच्या बोलण्यात कधीतरी कानावर आलं होतं, तेवढंच.

तोवर गाडी निवली होती. जावयाने पेडल दाबून पाहिलं.

"आलं परत. कडक लागतंय. माझंच चुकलं, मीच जास्त दामटली. आता हळू नेतो."

त्याने चावीला हात घातला. मास्तर नुसते गप्प बसले असते, तरी त्यांच्या नावाला धक्का लागला नसता. पुढचा सगळा रस्ता उताराचा होता.

"चावी द्या," मास्तर म्हणाले. "तुमचं नाही, माझं चुकलं. तेल बदलायला हवं होतं."

जावई बघत राहिला. "तुम्ही विसरलात?"

"विसरायला आधी ठाऊक असावं लागतं. बसला हे तेल नसतं. या हातांनी कधी बदललंच नाही."

"पण आता लागतंय ना, बाबा."

"इथे लागतंय. खालच्या वळणावर लागणार नाही."

जावयाने पेडलवर पुन्हा पाय ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग काढला. चावी मास्तरांच्या हातात देऊन त्याने गाडी ओढून नेणाऱ्याला फोन लावला.

मास्तर चाकापुढे लावायला दगड उचलायला गेले. दगड त्यांच्या हातून दोनदा निसटला. जावयाने फोन कानाशी धरूनच दुसऱ्या हाताने तो उचलला आणि पायाने चाकाखाली घट्ट सारला.